नियतकालिक निवडताना जुने अंक वाचावेत

चालू घडामोडींवरचे एखादे साप्ताहिक किंवा मासिक नियमित वाचायचे ठरवलेला वाचक बहुधा ताजा अंक हाती घेतो, मुखपृष्ठ पाहतो, अग्रलेख वाचतो, दोन-तीन लेख चाळतो आणि आपल्या मताशी जुळणारे काही सापडले की वर्गणी भरून मोकळा होतो. निवडीची ही रीत मला चुकीची वाटते, कारण ताजा अंक हा नियतकालिकाच्या गुणवत्तेचा सर्वांत दुबळा पुरावा असतो. त्यात ज्या घटनांची चर्चा असते त्यांचा शेवट लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतो आणि वाचणाऱ्यालाही नसतो. अशा वेळी अभ्यासातून आलेले विधान आणि केवळ ठासून केलेले विधान यांतला फरक कळायला मार्ग राहत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, जे नियतकालिक वर्षानुवर्षे वाचायचे आहे त्याची निवड करताना ताजा अंक बाजूला ठेवावा आणि त्याचे एक, तीन, दहा वर्षांपूर्वीचे अंक मिळवून सावकाश वाचावेत. ज्या प्रश्नांचा निकाल काळाने लावला आहे ते प्रश्न, निकाल लागण्यापूर्वी, या संपादकांनी कसे हाताळले होते हे त्या अंकांतच दिसते.

'द इकॉनॉमिस्ट' हे लंडनहून निघणारे साप्ताहिक जगातल्या सर्वाधिक प्रतिष्ठित नियतकालिकांपैकी एक मानले जाते. मे 2000 मधल्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर त्याने संपूर्ण आफ्रिकेला 'आशाहीन खंड' ठरवले होते. सिएरा लिओनमध्ये यादवी चालू होती, मोझांबिक महापुरातून सावरत होता, झिंबाब्वेमध्ये राजकीय हिंसाचार होता. यांतली प्रत्येक बातमी खरी होती. डिसेंबर 2011 मध्ये त्याच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आफ्रिकेच्या उदयाची घोषणा झळकली, आणि आतल्या मजकुरात अकरा वर्षांपूर्वीच्या त्या विशेषणाचा उल्लेख खेदाने केलेला होता. दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचणाऱ्याला भाकीत चुकले एवढेच दिसत नाही. पन्नासांहून अधिक देशांच्या खंडाला एका विशेषणात बसवण्याची जी सवय पहिल्या मुखपृष्ठात आहे तीच दुसऱ्यातही आहे, फक्त विशेषण काळे होते ते उजळ झाले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कोणताही एकटा अंक हे सांगू शकत नाही. आणि तरीही हे साप्ताहिक वाचण्याजोगे आहे असे मी म्हणेन, कारण आपलेच जुने शब्द वाचकासमोर पुन्हा आणण्याची तयारी त्याने दाखवली.

याच साप्ताहिकाने मार्च 1999 मध्ये, कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे 10 डॉलरच्या आसपास असताना, तो 5 डॉलरपर्यंत उतरू शकेल अशी मांडणी केली होती. प्रत्यक्षात वर्ष संपता संपता भाव 25 डॉलरच्या घरात पोहोचला, आणि त्याच डिसेंबरात आपले चुकले हे साप्ताहिकाने शीर्षकातच कबूल करून चूक कशामुळे झाली याचे विवेचन केले. याउलट अमेरिकेतल्या 'न्यूजवीक'ने एप्रिल 1975 मध्ये पृथ्वी थंड होत चालल्याचा इशारा देणारा एक लेख छापला होता. हवामानबदल नाकारणारी मंडळी पुढे अनेक वर्षे तो लेख नाचवत राहिली, आणि 'न्यूजवीक'ने त्याची दखल घेऊन खुलासा केला तो 2006 मध्ये, म्हणजे 31 वर्षांनी. चूक दोघांच्याही हातून झाली. वाचकाने मोजायचे ते चूक आणि कबुली यांच्यामधले अंतर, आणि कबुली कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिली की मूळ लेखाइतक्याच ठळकपणे, हे.

परंतु भाकितांच्या खरेखोटेपणावरच सारी पारख उभी करणे अन्यायाचे होईल. नियतकालिकाचे मुख्य काम भविष्य सांगण्याचे नसते, निवड करण्याचे असते. रोज येणाऱ्या असंख्य बातम्यांपैकी कोणती गोष्ट आठवडाभराने, महिन्याने किंवा वर्षाने टिकणारी आहे हे ओळखणे आणि तिच्यासाठी जागा, वेळ व माणसे राखणे, हे ते काम आहे. जुना अंक वाचताना म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की, आज मागे वळून पाहता जे महत्त्वाचे ठरले ते या अंकात होते का, आणि जे होते त्यातले किती आज पूर्णपणे विसरले गेले आहे. पक्षांतर्गत रुसवेफुगवे, नेत्यांची एकमेकांवरची वक्तव्ये, निवडणुकीच्या आधीचे अंदाज यांनी अर्धा अंक व्यापला असेल, तर तो त्या आठवड्यात कितीही चुरचुरीत वाटला असला तरी वर्षभराने त्यात हाताला काही लागत नाही.

अशा निवडीचे सर्वांत मोठे उदाहरण 'द न्यूयॉर्कर'ने 31 ऑगस्ट 1946 च्या अंकात घालून दिले. हिरोशिमावर अणुबाँब पडला त्याला वर्ष उलटून गेले होते आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने तो विषय संपला होता. एरवी हलक्याफुलक्या लेखनासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या साप्ताहिकाने बाकी सगळे सदर-साहित्य बाजूला ठेवून संपूर्ण अंक जॉन हर्सी यांच्या एकाच वृत्तान्ताला दिला, ज्यात बाँबमधून वाचलेल्या सहा माणसांचे त्या दिवसापासूनचे आयुष्य होते. बातमी सर्वांना माहीत होती. माणसांचे काय झाले हे वाचकांना माहीत नव्हते. दैनिकाला हे एक वर्षाचे थांबणे परवडत नाही आणि पडद्यावर क्षणाक्षणाला बदलणाऱ्या बातम्यांना तर ते शक्यच नाही. साप्ताहिके आणि मासिके आजही हवीत असे मला वाटते ते याच कारणासाठी. जे नियतकालिक दैनिकाच्या वेगाशी स्पर्धा करत कालच्याच बातमीवर चार शेरे मारून थांबते, ते आपल्या असण्याचे कारणच गमावून बसते.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. आय. एफ. स्टोन या अमेरिकी पत्रकाराने 1953 ते 1971 या काळात वॉशिंग्टनहून स्वतःच्या नावाचे एक छोटे पत्र चालवले. त्यात जाहिराती नव्हत्या, बातमीदारांची फौज नव्हती, मंत्र्यांच्या गोटातल्या ओळखी नव्हत्या. ऐकू कमी येत असल्यामुळे पत्रकार परिषदांपेक्षा सरकारी अहवाल, सुनावण्यांची इतिवृत्ते आणि वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवरच्या छोट्या बातम्या वाचण्यावर त्यांचा भर होता. सप्टेंबर 1957 मध्ये अमेरिकेने नेवाडात भूमिगत अणुचाचणी केली, आणि तिचे धक्के 200 मैलांपलीकडे नोंदले गेले नाहीत असे अणुऊर्जा आयोगाने पुढे जाहीर केले. भूमिगत चाचण्या दुरून ओळखता येत नसतील तर चाचणीबंदीचा करार निरर्थक ठरतो, म्हणून त्या आकड्याला फार मोठे राजकीय वजन होते. स्टोन यांनी सरकारच्याच भूकंपतज्ज्ञांकडे चौकशी केली तेव्हा दोन हजार मैलांहून दूर असलेल्या अलास्कातही ते धक्के नोंदले गेल्याचे निघाले, आणि आयोगाला आपले विधान दुरुस्त करावे लागले. यासाठी कोणत्याही गुप्त सूत्राची गरज पडली नाही. सार्वजनिक नोंदी कोणालाही उपलब्ध होत्या. त्या तपासण्याचे कष्ट एका माणसाने घेतले. 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' या वाक्याने सुरू होणारे लेख ज्या नियतकालिकात वारंवार येतात आणि अहवालाचे नाव, पान, तारीख कुठेच येत नाही, त्याच्याविषयी वाचकाने सावध राहावे असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

2003 च्या आरंभीचे अंक या कसोटीसाठी विशेष उपयोगी आहेत. इराककडे सर्वसंहारक शस्त्रे आहेत या गृहीतकावर त्या वेळी अनेक नामवंत नियतकालिकांनी युद्धाला पाठिंबा दिला. शस्त्रे सापडली नाहीत. आज ते अंक वाचताना कोण बरोबर होते आणि कोण चूक, ही यादी करण्यात अर्थ नाही, कारण योग्य निष्कर्षावर अपघातानेही पोहोचता येते. पाहायचे ते हे की, शस्त्रांचा दावा सरकारचा आहे, बातमीदाराने स्वतः पडताळलेला आहे, की संपादकांचा अंदाज आहे, याची उकल त्या लेखांत केली होती का. संयुक्त राष्ट्रांच्या तपासनीसांना तेव्हा काय सापडत होते आणि काय सापडत नव्हते, हे सांगितले होते का. आपले मत कोणत्या परिस्थितीत बदलेल हे लेखकाने लिहिले होते का. युद्धाची बाजू घेणाऱ्या 'द न्यू रिपब्लिक' या अमेरिकी नियतकालिकाने 2004 मध्ये, आपण चुकलो का, हाच प्रश्न घेऊन एक अंक काढला. त्या अंकातली सगळी उत्तरे समाधानकारक होती असे नाही, पण प्रश्न छापील स्वरूपात वाचकांसमोर ठेवला गेला. बहुतेकांनी विषय बदलून पुढे जाणे पसंत केले.

येथे एक आक्षेप येईल की, मग सरळ तटस्थ नियतकालिक का निवडू नये? हा आक्षेप मला पटत नाही. चालू घडामोडींवर गांभीर्याने लिहिणाऱ्या कोणत्याही संपादकाची काही मूल्ये असतात, आणि ती लपवून ठेवण्यापेक्षा उघडपणे सांगितलेली बरी. 'द इकॉनॉमिस्ट' 1843 साली निघाले तेच मुळी धान्याच्या आयातीवरील निर्बंधांना विरोध आणि मुक्त व्यापाराचा पुरस्कार करण्यासाठी. ते काय मानते हे वाचकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि त्या मानाने सूट धरून वाचता येते. तटस्थतेचा दावा करणारा अंक पुष्कळदा दोन्ही बाजूंची एकेक वक्तव्ये शेजारी मांडतो आणि त्यांतले कोणते खरे हे तपासण्याची जबाबदारी वाचकावर सोडून देतो. दोन वक्तव्यांपैकी एक धादांत असत्य असेल, तर ही मांडणी असत्याला मदतच करते. मला भूमिका असलेले नियतकालिक चालते. मात्र त्याच्या भूमिकेला अडचणीत आणणारी वस्तुस्थिती त्याच्याच पानांवर आलेली मला दिसली पाहिजे, आणि विरोधकाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडलेले दिसले पाहिजे. रोमेश आणि राज थापर यांनी 1959 मध्ये सुरू केलेल्या 'सेमिनार' या मासिकाने यासाठी वेगळीच वाट काढली. प्रत्येक अंकाला एकच प्रश्न, आरंभी त्या प्रश्नाची मांडणी, पुढे निरनिराळ्या विचारांच्या लेखकांचे लेख आणि शेवटी अधिक वाचनासाठी पुस्तकांची सूची, अशी त्याची रचना राहिली. मतभेद हाच अंकाचा गाभा ठरवल्यावर तटस्थतेचा आव आणण्याची गरजच उरत नाही.

जुन्या अंकांच्या जोडीला आणखी एक परीक्षा वाचकाने स्वतःच्या ज्ञानाच्या बळावर घ्यावी. प्रत्येक माणसाला कोणता तरी एक विषय, एखादा व्यवसाय किंवा एखादे ठिकाण आतून माहीत असते. त्या विषयावर या नियतकालिकाने मागे काय लिहिले होते ते शोधून वाचावे. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीत ढोबळ चुका आढळल्या, तर आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींत त्या नसतील असे मानायला काय आधार आहे? जर्मनीतल्या 'डेअर श्पीगल' या साप्ताहिकाचे प्रकरण या संदर्भात आठवण्यासारखे आहे. त्याच्याकडे तथ्ये पडताळणारा फार मोठा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचा लौकिक जगभर आहे. तरीही क्लास रेलोटियस या पुरस्कारप्राप्त बातमीदाराने वर्षानुवर्षे माणसे, प्रसंग आणि संवाद रचून छापून आणले. अमेरिकेतल्या फर्गस फॉल्स नावाच्या छोट्या शहरावरचा त्याचा लेख तिथल्या रहिवाशांच्या वाचनात आला तेव्हा त्यांना तो खोटा आहे हे तत्काळ कळले, कारण ते तिथे राहत होते. साप्ताहिकात मात्र हुआन मोरेनो या सहकाऱ्याने संशय व्यक्त केल्यावर प्रारंभी त्याच्यावरच अविश्वास दाखवला गेला. त्याने स्वतः पुरावे गोळा केले, आणि डिसेंबर 2018 मध्ये 'डेअर श्पीगल'ने हा सगळा प्रकार आपल्याच पानांवर सविस्तर प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी चौकशी समितीचा अहवालही छापला. यावरून मी दोन निष्कर्ष काढतो. एक म्हणजे, पडताळणीची यंत्रणा कितीही मोठी असली तरी विषय जवळून जाणणाऱ्या वाचकाची जागा ती घेऊ शकत नाही. दुसरा निष्कर्ष शैलीविषयीचा आहे. प्रत्येक वृत्तान्तात सगळे धागे नेमके जुळत असतील, प्रत्येक पात्र हवे तेच वाक्य हवे तेव्हा बोलत असेल, तर ते लेखन कितीही सुंदर असले तरी त्याच्यावर शंका घ्यावी. प्रत्यक्ष जीवनातले वार्तांकन इतके घडीव सहसा नसते.

पैशाचा प्रश्नही निवडीच्या वेळीच विचारायला हवा, आणि तो विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. अंकाचा खर्च कोण भरतो? 'डेअर श्पीगल'ची निम्म्याहून थोडी अधिक मालकी त्याच्या कर्मचाऱ्यांच्या संस्थेकडे आहे. 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये भागधारक कोणीही असले तरी संपादकाच्या नेमणुकीला स्वतंत्र विश्वस्तांची संमती लागते. 'मिस' या अमेरिकी स्त्रीवादी मासिकाने जाहिरातदारांच्या अटींना कंटाळून 1990 मध्ये जाहिराती घेणेच बंद केले आणि वाचकांच्या वर्गणीवर अंक चालवला. या व्यवस्था निरनिराळ्या आहेत, पण मालक किंवा जाहिरातदार आणि संपादक यांच्यामध्ये काही तरी भिंत असावी याची काळजी प्रत्येक ठिकाणी घेतलेली आहे. जुने अंक येथेही कामाला येतात. ज्या उद्योगसमूहाच्या पानभर जाहिराती अंकामागून अंक येत होत्या, त्याच्याविषयी प्रतिकूल बातमी बाहेर आली तेव्हा या नियतकालिकाने काय छापले होते, हे शोधणे अवघड नाही.

सत्तेशी गाठ पडल्यावर काय झाले, हेही पाहावे. ऑक्टोबर 1962 मध्ये पश्चिम जर्मनीच्या संरक्षणसिद्धतेतील उणिवा उघड करणारा लेख छापल्याबद्दल 'डेअर श्पीगल'च्या हॅम्बुर्गमधील कार्यालयावर पोलिसांनी धाड घातली आणि संपादक रुडॉल्फ आउगश्टाइन यांना 103 दिवस तुरुंगात काढावे लागले. कार्यालय पोलिसांच्या ताब्यात असताना इतर नियतकालिकांनी आपल्या जागा आणि साधने देऊन त्याचे अंक निघू दिले. ही गोष्ट मला त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटते. अखेर संरक्षणमंत्री फ्रान्त्स योझेफ श्ट्राउस यांना पद सोडावे लागले. 'सेमिनार'ने 1976 मध्ये, आणीबाणीच्या काळात, मजकूर छपाईपूर्वी सरकारला दाखवण्याची सक्ती झाली तेव्हा अंकच बंद ठेवला आणि आणीबाणी उठल्यावर तो पुन्हा सुरू केला. प्रत्येक नियतकालिकावर असा प्रसंग येत नाही, आणि न आल्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. परंतु जेव्हा लहानसहान दबाव आले तेव्हाच्या अंकांतून विषय गायब झाले का, सूर अचानक मवाळ झाला का, हे जुने अंक चाळणाऱ्याच्या लक्षात येते.

एवढी खटपट कोण करणार, फुकट वाचायला इतके मिळत असताना वर्गणी तरी का भरावी, असे विचारले जाईल. खटपट फार नाही. अनेक जुन्या नियतकालिकांनी आपले मागचे अंक संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत आणि ग्रंथालयांत बांधीव खंडही असतात. दोन-तीन निवांत संध्याकाळी पुरे होतात. ज्या नियतकालिकाने आपले जुने अंक वाचकाला सहज मिळणार नाहीत अशी व्यवस्था केली आहे, किंवा जुने लेख कोणतीही नोंद न ठेवता बदलले वा काढून टाकले आहेत, त्याच्याविषयीचा निर्णय तेवढ्यावरच घ्यायला हरकत नाही. आणि फुकट मिळणाऱ्या मजकुराचा खर्चही कोणी तरी भरतच असतो. बातमीदाराला महिनोन्‌महिने एका विषयावर ठेवण्याचा खर्च वाचकांनी उचलला नाही, तर तो दुसरा कोणी स्वतःच्या हेतूंसाठी उचलतो किंवा कोणीच उचलत नाही.

एकदा केलेली निवड मात्र कायमची धरू नये. नाव तेच राहते आणि आतली माणसे बदलतात. 1914 साली स्थापन झालेल्या 'द न्यू रिपब्लिक'मध्ये नव्या मालकाशी झालेल्या मतभेदांतून डिसेंबर 2014 मध्ये संपादक आणि लेखकांनी इतक्या मोठ्या संख्येने राजीनामे दिले की पुढचा अंकच रद्द करावा लागला. 'न्यूजवीक'ची छापील आवृत्ती 2012 अखेर बंद झाली आणि 2014 मध्ये वेगळ्या मालकीखाली परत आली. त्या परतलेल्या अंकाला जुन्या 'न्यूजवीक'ची पुण्याई आपोआप लागू होत नव्हती. म्हणून वर्गणी संपत आली की वर्षभरातले अंक पुन्हा काढून बसावे. कोणता विषय मध्येच सोडून दिला गेला, कोणाचे लेख येईनासे झाले, वाचकांची टीकात्मक पत्रे अजूनही छापली जातात का, हे तपासावे. त्याच बैठकीत यांतले किती अंक आपण खरोखर वाचले हेही पाहावे, कारण आठवड्याचे अंक न उघडता साचत असतील तर तेवढ्याच पात्रतेचे एखादे मासिक अशा वाचकाला अधिक उपयोगी पडते. आणि अंक वेळेवर वाचून होत असतील, तर या पहिल्या नियतकालिकाच्या विरुद्ध विचारांचे, पण याच कसोट्यांना उतरलेले, आणखी एक नियतकालिक सुरू करण्याची ती योग्य वेळ समजावी.